फितुरी की फसगत?

खेळताना गुडघा फुटतो, चार दिवसांत खपली धरते आणि पुढे तीही गळून पडते. तेवढ्या अवधीत कातडीखाली केवढी धांदल उडालेली असते, याची आम्हांस कल्पनाही नसते. जखमेत शिरलेले जंतू गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी तेथे धावून येतात. त्यांचे हे कार्य रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८८२ साली इटलीतील मेसिना येथे ओळखले. तारामाशाच्या पारदर्शक डिंभात त्यांनी गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु याच पेशींकडे दुसरेही काम असते. जंतूंचा फडशा पडला, की त्या चाल बदलतात. मोडतोड निपटतात, नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून रासायनिक द्रव्ये सोडतात आणि लढाऊ पेशींना आवर घालतात. जखम भरली, की हे काम थांबते.

कर्करोगाची गाठ नेमका याचाच लाभ घेते. ती इतक्या झपाट्याने वाढते की तिला रक्त व प्राणवायू अपुरा पडू लागतो. तिच्यातून निघणारे रासायनिक संदेशही पुष्कळसे जखमेसारखेच असतात. त्यांनी ओढल्या गेलेल्या भक्षक पेशी गाठीत शिरतात आणि गिळण्याचे सोडून डागडुजीस लागतात. गाठीसाठी नव्या रक्तवाहिन्या फुटतात. आर्जिनीन हे अमिनो आम्ल टी-पेशींना लढण्यास हवे असते. भक्षक पेशी ते संपवून टाकतात. कर्कपेशींना रक्तवाहिनीत शिरण्याची वाटदेखील त्या करून देतात. गाठ म्हणजे कधीही न भरणारी जखम, असे अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ साली लिहिले, ते याच अर्थाने.

हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारा फितूर किल्लेदार आठवला. पण विचाराअंती ती उपमा आम्हांस पटेना. या पहारेकऱ्याने लाच खाल्लेली नाही. खोट्या सहीशिक्क्याचा हुकूम त्याने इमानाने पाळला आहे. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. फितुराला कापून काढावे लागते. फसलेल्याला मात्र पुन्हा कामावर लावता येईल. संशोधक आज दोन्ही वाटा चोखाळीत आहेत: या पेशींचे गाठीकडे येणेच रोखावयाचे, किंवा आत असलेल्यांना पुन्हा भक्षक बनवावयाचे.

टी-पेशींना घातलेला आवर काढण्याची युक्ती शोधल्याबद्दल ॲलिसन व होन्जो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या उपचाराने कित्येक रुग्ण वाचले. तथापि पुष्कळांना त्याचा गुण येत नाही, आणि त्याच्या कारणांपैकी एक म्हणजे गाठीत इमानेइतबारे राबणाऱ्या याच भक्षक पेशी होत.