दमणे आणि हालचाल
प्रौढ माणसाने आठवड्यात निदान १५० मिनिटे, श्वास थोडा वाढेल इतपत हालचाल करावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष. २०२२ सालच्या अंदाजानुसार जगातले ३१ टक्के प्रौढ त्यात कमी पडतात. भारतात पुरुष ४२ टक्के आणि स्त्रिया तब्बल ५७.

दिवसभर राबणारी बाई कमी कशी पडते? घरकाम मोजणीतून वगळलेले नाही. पाण्याचे हंडे वाहणे त्यात येते. पण ओट्याशी उभे राहून तासभर पोळ्या लाटल्या, की पाय भरून येतात, नाडी मात्र फारशी वाढत नाही. थकवा निराळा, श्रमाची तीव्रता निराळी. (या आकड्यांवरून बायकांना आळशी ठरवणारेही आम्हांला भेटतात!) विद्यार्थ्यांनी आईची नाडी पोळ्या लाटून होताच आणि जिना चढल्यावर मोजावी, वडिलांनी लाटल्या तर त्यांचीही.