समुद्रांतील तार आणि गांवांतील घर

नैरोबी शहरांतील एका कचेरींतून त्याच शहरांतील दुसऱ्या कचेरीस धाडलेलें पत्र सातासमुद्रांपलीकडे जाऊन परत येत असे, असें सांगितलें तर आज कोणास खरें वाटणार नाहीं. परंतु विसावें शतक संपेपर्यंत केनियांतील इंटरनेटची स्थिति अशीच होती. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना एकमेकींशीं जोडणारें ठिकाणच देशांत नव्हतें. प्रत्येक संदेश सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडे जाई, परदेशांत उतरे आणि त्याच वाटेनें माघारीं येई. या फेरफटक्याचें भाडें अर्थातच ग्राहकाच्या माथीं बसे.

२००० सालच्या अखेरीस या कंपन्यांनीं नैरोबींत एक सामायिक जोडकेंद्र उघडलें. परदेशीं संदेश नेण्याचा मक्ता ज्या कंपनीकडे होता तिनें हरकत घेतली व तें थोड्याच दिवसांत बंद पडलें. २००२ सालीं तें पुन्हां सुरू झालें आणि शेजाऱ्याचें पत्र शेजाऱ्यास थेट मिळूं लागलें. महागाईचें मूळ पुष्कळदां यंत्रांत नसून मक्त्यांत असतें, हा धडा यांतून मिळाला.

दुसरें पाऊल समुद्रांत पडलें. २००९ सालच्या जुलै महिन्यांत ‘सीकॉम’ नांवाची तार कार्यान्वित झाली. दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, टांझानिया व केनिया या देशांना ती एका बाजूस युरोपशीं व दुसऱ्या बाजूस मुंबईशीं जोडते. ज्या समुद्रावरून एके काळीं गलबतें मोसमी वाऱ्यांच्या भरंवशावर मोंबासास जात, त्याच समुद्राच्या तळाशीं केसासारख्या बारीक कांचेच्या तंतूंतून आतां प्रकाशाच्या रूपानें संदेश धांवतात. त्याच वर्षीं मोंबासापासून फुजैरापर्यंत दुसरी तार आली. २०१० सालीं तिसरी आली. एका तारेच्या जागीं तीन झाल्या म्हणजे चढाओढ लागते, आणि चढाओढ लागली म्हणजे घाऊक दर उतरतात. तेथें तसेंच झालें.

तथापि घाऊक दर उतरला म्हणून गांवांतील घरीं इंटरनेट पोंचलें, असें होत नाहीं. किनाऱ्यापासून देशाच्या आंत तार न्यावी लागते. युगांडा, रवांडा यांसारख्या देशांस समुद्रकिनाराच नाहीं. त्यांना शेजाऱ्याच्या भूमींतून वाट मागावी लागते. पुढें मनोरे उभारावयाचे, आणि वीज नसेल तेथें ते डिझेलवर चालवावयाचे. वस्ती विरळ, तर ग्राहक थोडे. शेवटीं हातांत घ्यावयाच्या मोबाइलची किंमत आहेच.

म्हणून ‘स्वस्त’ कशाला म्हणावयाचें, याचें एक माप ठरविण्यांत आलें. विकसनशील देशांत साध्या सेवेचा दर माणशीं मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा दोनांहून कमी असावा, असें उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगानें २०१८ सालीं २०२५ करितां ठेविलें. माप चांगलें, पण तें सरासरीचें. सरासरीच्या निम्में मिळविणाऱ्या मजुरणीस तोच दर शेंकडा चार पडतो. २०२४ सालीं जगांतील सुमारें २६० कोटी माणसें इंटरनेटवांचून होतीं, आणि त्यांतील बहुसंख्य मोबाइलच्या जाळ्याच्या टप्प्यांतच राहत होतीं. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, असें आपल्याकडे म्हणतात. येथें आड भरलेला आहे. दोर अपुरा आहे.

दोर लांबविण्याचे सगळेच उपाय साधतात असें नाहीं. सुमारें वीस किलोमीटर उंचीवर फुगे सोडून त्यांवरून इंटरनेट देण्याची ‘लून’ नांवाची योजना २०२० च्या जुलैंत केनियांत सुरू झाली. युक्ति अचाट होती. परंतु खर्च पुरेसा उतरेना, म्हणून २०२१ च्या जानेवारींत ती बंद करण्याचें जाहीर झालें. याउलट दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रांतांतील मानकोसी येथें गांवकऱ्यांनींच घराघरांवर लहान यंत्रें व सौरपट्ट्या बसविल्या आणि २०१४ सालीं सहकारी संस्था नोंदविली. त्या सौरविजेवर लोकांचे मोबाइल भरून देऊन संस्थेनें आपली पहिली मिळकत केली. संस्थेचें नांव ‘झेन्झेलेनी’, म्हणजे ‘तुमचें तुम्हींच करा’.

या साऱ्या खटाटोपाचें मोल कशांत आहे, तें २०२० च्या मार्चमध्यें केनियांतील शाळा बंद झाल्या तेव्हां दिसून आलें. बहुतेक वर्ग २०२१ च्या जानेवारींत भरले. मधल्या महिन्यांत ज्या घरीं इंटरनेट परवडत होतें तेथील मुलाची शिकवणी चालू राहूं शकली. जेथें परवडत नव्हतें तेथील मुलाची पाटी तशीच कोरी राहण्याचें भय होतें. दोन्ही घरांवर एकाच मनोऱ्याची छाया असूं शकते. अंतर कोसांचें नव्हतें, पैशांचें होतें.

समुद्राच्या तळाशीं तार टाकणें हें मोठ्या भांडवलाचें काम आहे. मक्ता मोडणें, मनोरे वांटून वापरणें, शाळेंत व वाचनालयांत सर्वांसाठीं एक खिडकी उघडी ठेवणें यांस भांडवलापेक्षां निर्धार अधिक लागतो. तार किनाऱ्यास लागली म्हणजे अर्धें काम झालें. उरलेलें अर्धें त्या शेवटच्या घराच्या उंबऱ्याशीं आहे.