राखणदाराची साखळी

त्वचेच्या कर्करोगांपैकीं मेलानोमा हा फार घातक. कातडीस रंग देणाऱ्या पेशींत तो उद्भवतो. वेळींच कापून काढल्यास रोगी बहुधा बरा होतो. परंतु फुप्फुस, यकृत, मेंदू येथवर रोग पसरला कीं, पूर्वीं निम्म्याहून अधिक रोगी वर्षभरांतच दगावत.

रक्तांतील टी-पेशी म्हणजे शरीराच्या घरचे राखणीचे कुत्रे. त्यांनीं चोरावर धांवावें, पण घरच्यांस चावूं नये, म्हणून निसर्गानें त्यांस साखळी घातली आहे. कर्करोग नेमका तिचाच फायदा घेतो. अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन व जपानचे तासुकु होन्जो यांनीं अशा दोन निराळ्या साखळ्या सोडविण्याची वाट दाखविली. २०१८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या शोधांवर आधारलेलीं इपिलिमुमॅब व निव्होलुमॅब हीं औषधें अमेरिकेंत अनुक्रमें २०११ व २०१४ सालीं मान्य झालीं. रोग पसरल्यावर हीं दोन्ही औषधें एकत्र दिलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा सुमारें ४३ जण दहा वर्षांनंतरही हयात होते, असें २०२४ सालीं प्रसिद्ध झालें.

मात्र मोकळा सुटलेला कुत्रा घरच्यांसही चावतो. आंतडीं, यकृत, कंठग्रंथि यांवर या पेशी कधीं कधीं उलटतात. औषधेंही फार महाग आहेत.

भारतीयांत हा रोग विरळा. पण झालाच तर पुष्कळदां तळपायावर किंवा नखाखालीं होतो. तेथें वाढणारा, रंग पालटणारा काळा डाग दिसल्यास जोडा लागला असेल म्हणून स्वस्थ बसूं नये. डॉक्टरांस वेळींच दाखविलेला डाग बहुधा सुरीनेंच निघतो. साखळी सोडण्याची वेळ सहसा येत नाहीं.