घोडा शिकतो कसा?

पनवेलच्या पूर्वेला प्रबळगड आणि त्याच्या पलीकडे माथेरानचा डोंगर आहे. आसपासच्या अनेक शाळांच्या सहली तेथे जातात. दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना बंदी आहे. २०२२ साली तेथे ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली, तरी घोडा हे माथेरानचे जुने वाहन टिकून आहे. आपली बरीच मुले पहिल्यांदा घोड्यावर बसतात ती येथेच. बसताच ती दोन गोष्टी करतात : लगाम घट्ट ओढून धरतात आणि टाचा मारतात. घोडा गोंधळतो, अडतो, आणि 'हा घोडा हट्टी आहे' असे ठरून जाते. मग चाबूक निघतो. पण घोडा खरोखर हट्टी असतो का? त्यासाठी तो शिकतो कसा, हे पाहू या.

घोडा हा गवत खाणारा आणि हिंस्र पशूंची शिकार होणारा प्राणी. पळून जाणे हाच त्याचा मुख्य बचाव. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. थेट पाठीमागचा आणि अगदी कपाळासमोरचा थोडा भाग सोडला, तर त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. त्याची कातडीही फार संवेदनशील असते. अंगावर माशी बसली तर तो नेमकी तेवढीच कातडी थरथरवतो. माशीचा स्पर्श ज्याला कळतो, त्याला जोरात टाच मारावी का लागते?

नव्या घोड्याला शिकवताना स्वार पायांनी त्याच्या कुशीवर हलका दाब देतो. दाबाचा अर्थ घोड्याला ठाऊक नसतो. तो नकोसा वाटतो, एवढेच. म्हणून तो काहीबाही करून पाहतो : मान उडवतो, मागे सरतो, कधीतरी एक पाऊल पुढे टाकतो. पाऊल पुढे पडताच स्वाराने दाब काढला, की घोड्याच्या मनात जोडणी होते : पुढे गेले की दाब जातो. काही वेळा असे झाले, की निव्वळ पायाच्या स्पर्शाने तो चालू लागतो. लगामाचेही तसेच. थांबताच लगाम सैल झाला, तर थांबणे पक्के होते.

म्हणजे घोड्याला धडा मिळतो तो दाब सुटण्याच्या क्षणी. हा क्षण दोन-चार सेकंदांनी चुकला, तर तोवर घोडा दुसरेच काही करत असतो आणि तेच शिकतो. दाब कधीच सुटला नाही, तर सूचनेला अर्थ उरत नाही. रेल्वेमार्गालगतच्या शाळेतल्या मुलांना गाडीचा आवाज जाणवेनासा होतो, तसा हा घोडा टाचेला दाद देईनासा होतो. लगाम आणि टाच एकाच वेळी वापरली, तर 'थांब' आणि 'चल' असे दोन्ही हुकूम एकदम मिळतात.

म्हणूनच इंग्रजी पद्धतीच्या घोडेस्वारीत आधी मांड पक्की करतात. बाजूने पाहिले असता स्वाराचा कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत यावीत. तोल गेला की नवखा स्वार लगामाला लोंबकळतो आणि तोंडातली कडी घोड्याला नको ती सूचना देते. दुडक्या चालीत समोरचा डावा व मागचा उजवा पाय एकदम पडतो, नंतर उरलेली जोडी. प्रत्येक ठोक्याला धक्का बसतो. तो चुकवण्यासाठी स्वार एका ठोक्याला खोगिरावरून किंचित उठतो व दुसऱ्याला बसतो. हे जमेपर्यंत शिक्षक लांब दोरीने घोडा गोल फिरवतात आणि स्वाराच्या हाती लगाम देत नाहीत.

आपल्या नकळतही आपण घोड्याला सूचना देत असतो. बर्लिनमध्ये फोन ऑस्टेन या निवृत्त गणितशिक्षकांचा हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणिताची उत्तरे देई. १९०४ साली त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. पुढे ऑस्कर फुंग्स्ट यांनी प्रयोग केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो हान्सला दिसत नसेल, तर हान्स चुके. योग्य आकडा येताच विचारणाऱ्याच्या डोक्याची जी सूक्ष्म हालचाल होई, ती पाहून तो थांबत असे. यात कोणतीही लबाडी नव्हती. फोन ऑस्टेन यांनाही आपण खूण करतो हे माहीत नव्हते.

२००९ साली स्वीडनमधील संशोधकांचा असाच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. घोडा नेणाऱ्यांना सांगितले, की या फेरीत वाटेत एक छत्री अचानक उघडेल. छत्री उघडलीच नाही, पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही.

सहलीत मुलांना थोडे निरीक्षण करू द्या. साध्या चालीत टापांचे चार सुटे ठोके आणि दुडकीत दोन ऐकू येतात. ते टाळ्यांनी मोजता येतील. घोड्याचे कान जिकडे वळतात, तिकडे त्याचे लक्ष असते. कान मागे चपटे झाले, तर दूर राहावे. घोड्याजवळ मागून जाऊ नये. आवाज देत खांद्याच्या बाजूने जावे. घोडा थांबल्यावर घोडेवाला दोरी कधी सैल सोडतो, हेही पाहावे. आणि एखादा घोडा अडलाच, तर मुलांना विचारा : त्या क्षणी लगाम काय सांगत होता आणि टाचा काय सांगत होत्या?