परतायला नदी नसलेला मासा

प्रशांत महासागरातील सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अखेरीस जन्माच्याच नदीत परतून, अंडी घालून प्राण सोडतो. (आपल्याकडे रावस ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकला जातो, त्याचा या कुळाशी संबंध नाही.) अमेरिकेच्या अलास्का राज्यातील होमर या गावी मात्र दरवर्षी सॅमनचे थवे अशा जागी परततात, जिथे त्यांच्यासाठी नदीच नाही.

होमरपासून कॅचमॅक उपसागरात सुमारे सात किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा शिरला आहे. त्यावर अरुंद तोंडाने समुद्राशी जोडलेले एक छोटे तळे आहे. राज्याच्या मत्स्य विभागातील जीवशास्त्रज्ञ निक डुडिअ‍ॅक यांचे नाव त्याला देण्यात आले आहे. अँकरेज येथील सरकारी मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली चिनूक व कोहो या जातींची पिल्ले येथे आणून काही दिवस जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवतात. तेवढ्या मुक्कामात या पाण्याचा गंध त्यांच्या स्मृतीत ठसतो. मग त्यांना समुद्रात सोडले जाते. कोहो साधारण वर्षभराने, तर चिनूक काही वर्षांनी भरतीबरोबर तळ्यात शिरतात आणि काठावर गळ टाकून उभ्या असलेल्यांच्या हाती लागतात. ना होडी लागते, ना वाटाड्या. ज्यांना समुद्रात जाणे परवडत नाही किंवा झेपत नाही, त्यांच्याही ताटात मोठा मासा पडतो, ही या योजनेची खरी मिळकत.

येथे मासेमारीची नेहमीची नीती उलटी होते. नदीत ‘काही मासे विणीसाठी राहू द्यावेत’ हा शहाणपणाचा नियम आहे. या तळ्यात राहिलेला मासा वीण करू शकत नाही; तो तसाच मरून कुजतो. म्हणूनच धरलेला मासा सोडून देण्याचे खिलाडू औदार्य येथे निरर्थक ठरते. पकडून खाणे हेच येथे कमी नासाडीचे.

अर्थात, पकडण्यासाठीच जन्माला घातलेला जीव हा विचार अनेकांना खटकतो. पण ब्रॉयलर कोंबडीची गोष्ट वेगळी नाही; उलट या माशाला महासागरातील मोकळे आयुष्य तरी लाभते. गंमत अशी, की व्यापारासाठी पिंजऱ्यात मासे वाढवण्यास याच अलास्काने १९९० मध्ये बंदी घातली. पिल्ले वाढवून समुद्रात चरायला सोडणे मात्र मान्य आहे.

खरी अडचण सुरू होते ती पकडण्याच्या रीतीपासून. प्रौढ सॅमन परतताना खाणे थांबवतो आणि दिवस जातील तसा आमिषाला तोंड लावेनासा होतो. अशा वेळी जड, तीन टोकांचा गळ पाण्यातून हिसके देत ओढून माशाच्या पाठीत वा पोटात रुतवण्याची एक पद्धत आहे. अलास्काच्या गोड्या पाण्यात तिला मनाई आहे. या तळ्यातही ती एरवी चालत नाही. मात्र मासे गळाला लागेनासे झाले, की विभाग खास आदेश काढून थोड्या काळासाठी ती खुली करतो. उद्देश सरळ आहे, उरलेले मासे वाया जाऊ नयेत. पण गळ फाटून निसटलेला, जखमी मासा ना कोणाच्या ताटात जातो, ना सुखाने मरतो. नासाडी टाळण्याचा युक्तिवाद नेमका त्याच्याजवळ लंगडा पडतो.

दुसरा प्रश्न तळ्याबाहेरचा. सगळेच मासे पत्ता बरोबर शोधत नाहीत. केंद्रात वाढलेल्यांपैकी काही भरकटून जंगली माशांच्या नद्यांत शिरतात. ओरेगॉनमधील हूड नदीत सॅमनचा जवळचा नातलग असलेल्या स्टीलहेड माशावर झालेले संशोधन २००७ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. कृत्रिमरीत्या वाढवलेल्या प्रत्येक पिढीमागे त्यांची निसर्गात वंश वाढवण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटत असल्याचे त्यात आढळले. हाच आकडा चिनूकला जसाच्या तसा लावणे योग्य नाही, तरी धोक्याची दिशा त्यातून कळते. वॉशिंग्टन व ओरेगॉन राज्यांत केंद्रातील पिल्लांचा पाठीवरचा लहान मेदपर कापून खूण केली जाते आणि अनेक ठिकाणी पर शाबूत असलेला मासा परत सोडावा लागतो. सोडलेल्यांपैकीही काही गळाच्या जखमेने मरतात.

होमरजवळच्या अँकर नदीत जंगली चिनूक इतके रोडावले, की २०२३ मध्ये त्यांची मासेमारी बंद ठेवावी लागली. अशा वर्षी तळ्यातला मासा जंगली माशावरचा भार हलका करतो, हे त्याच्या बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे. मात्र काठावरचे गळ भरलेले असताना नदी रिकामी होत असल्याचे कोणाला चटकन जाणवत नाही.