ताजें पासिंग आणि जुनी मोटार

जुनी मोटार विकावयास काढलेला गृहस्थ गिऱ्हाइकापुढें जें पहिलें वाक्य उच्चारतो तें बहुधा ठरलेलें असतें : "गाडीचें पासिंग नुकतेंच झालें आहे." एवढें ऐकलें कीं घेणारा निम्मा निश्चिंत होतो. सरकारी अधिकाऱ्यानें पाहून शिक्का मारलेली वस्तु. तिच्यांत दोष कोठून असणार? हा भ्रम मलाही होता. तो माझ्या मुलीच्या जिवावर बेतावयाचा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४१ व्या कलमान्वयें खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती ग्राह्य असते. ती मुदत संपत आली कीं २५ क्रमांकाचा नमुना भरून मोटार परिवहन कार्यालयांत न्यावयाची, निरीक्षकास दाखवावयाची, आणि ती रस्त्यावर चालण्यास योग्य ठरली म्हणजे नोंदणी आणखी पांच वर्षें वाढवून मिळते. या नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून ५००० रुपये झाली. भाड्याच्या गाड्यांना योग्यतेचा दाखला वारंवार घ्यावा लागतो. घरच्या मोटारीस मात्र पहिलीं पंधरा वर्षें धुराच्या दाखल्यापलीकडे कोणी कांहीं विचारीत नाहीं. पंधरा इयत्ता परीक्षेवांचून काढावयाच्या आणि मग एकदम एकच परीक्षा, अशांतला हा प्रकार आहे.

माझी कन्या कऱ्हाडास अध्यापनाचें काम करते. आमचें घर चिपळुणास. दर शनिवारीं कुंभार्ली घाट उतरून यावयाचें आणि सोमवारीं पहांटे चढून जावयाचें, असा तिचा क्रम. एस. टी. च्या वेळा जमेनात, तेव्हां एखादी लहानशी जुनी मोटार घ्यावी असें २०२३ सालीं ठरलें. गुहागरकडील एका समुद्रकांठच्या गांवीं २००८ मध्यें नोंदलेली गाडी मिळाली. मालक वृद्ध, गाडी फार चाललेली नव्हती, अंगणांत उभीच असे. आम्हांस हाच गुण वाटला. खाऱ्या वाऱ्यांत उभी राहणारी मोटार रोज धांवणाऱ्या मोटारीपेक्षां आंतून अधिक झिजते, हें ज्ञान मागाहून झालें.

विक्रीपूर्वीं मालकांनीं पासिंग करून घेण्याचें ठरविलें आणि मीही त्यांच्याबरोबर कार्यालयांत गेलों. कोणतें कार्यालय तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. निरीक्षकांनीं चॅसिसचा क्रमांक ताडून पाहिला. दिवे, हॉर्न, वायपर चालवून पाहिले. टायरांवरून नजर फिरविली. गाडी थोडी पुढें नेऊन ब्रेक दाबावयास लावला. गाडी जागच्या जागीं थांबली. सारें मिळून पाव तास लागला असेल. त्यांनीं जें पाहिलें त्यांत खोटें असें कांहींच नव्हतें. फक्त गाडीखालीं कोणी वांकून पाहिलें नाहीं, आणि बाहेर रांग मोठी होती. त्याच रात्रीं मीं मुलीस फोनवर सांगितलें, "पासिंग झालें आहे, खुशाल घे."

माझा एक जुना विद्यार्थी चिपळुणांत मोटारींचा मिस्त्री आहे. केवळ त्यास बरें वाटावें म्हणून गाडी त्याच्याकडे नेली. त्यानें ती खड्ड्यावर घेतली आणि थोड्या वेळानें खालून हांक आली, "गुरुजी, जरा खालीं येतां का?" या वयांत खड्ड्यांत उतरणें सोपें नव्हे, पण उतरलों. गाडीच्या पोटास नवा काळा रंग फांसला होता. त्यानें स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक लावतांच रंगासकट गंजाचा पापुद्रा सुटून आला. दाराखालच्या पत्र्यास करंगळी जाईल एवढें भोंक होतें. परंतु त्याचें बोट दुसरीकडेच होतें : मागील चाकाकडे ब्रेकचें तेल नेणारी लोखंडी नळी एके ठिकाणीं सालपटासारखी झाली होती, आणि तेथें किंचित् ओल होती.

"गुरुजी, ही आज फुटेलच असें नाहीं. पण घाटांत कोणी आडवें आलें आणि ताईंनीं जोरानें ब्रेक दाबला, तर मी हमी देत नाहीं."

सपाट अंगणांत ब्रेक हळू दाबला तर नळीवर फारसा दाब पडत नाहीं. गंजलेली नळीही तेवढा सोसते. बहुतेक मोटारींत ब्रेकच्या तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, त्यामुळें एक नळी फुटली तरी निम्मा ब्रेक उरतो. पण कुंभार्लीच्या उतारावर निम्म्या ब्रेकानें काय करावयाचें? शिवाय ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. तें वर्षानुवर्षें बदललें नाहीं तर लांब उतारावर तापून त्यांत बुडबुडे होतात, आणि पेडल पायाखालीं मऊ पडतें. पाव तासाच्या तपासणींत हें दिसावें कसें? आतां यांत्रिक तपासणी केंद्रें निघत आहेत. तेथें चाकें फिरत्या रुळांवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर धरतो तें यंत्र मोजतें. डोळ्यांच्या अंदाजापेक्षां हें पुष्कळच बरें, कारण डावा-उजवा फरक लगेच कळतो. तथापि नळीची भिंत किती उरली आहे हें त्या रुळांनाही कळत नाहीं.

आमच्या न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर दाखला हें शब्दप्रमाण आहे. खड्ड्यांत उतरणें हें प्रत्यक्ष. मध्यें अनुमान आहे, आणि तें मोटार घेणाऱ्या कोणासही करतां येण्यासारखें आहे. नैयायिकांचा धूर एकाच जातीचा, मोटारीचा तीन जातींचा : निळसर धूर म्हणजे वंगण जळतें आहे, काळा म्हणजे इंधन अधिक जातें आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आंत शिरतें आहे असें समजावें. ब्रेकचें पेडल जोरानें दाबून मिनिटभर तसेंच धरावें. तें हळुहळू खालीं गेलें तर कोठें तरी गळती आहे. पायाखालचा गालिचा उचलून पत्रा पाहावा. टायरच्या कडेवरील क्रमांकांतील शेवटचे चार आंकडे म्हणजे तो तयार झाल्याचा आठवडा व वर्ष. नक्षी शाबूत असूनही दहा वर्षांचा टायर निघतो. आणि पोटास ताजा रंग दिसला तर तो कशासाठीं लावला हें अवश्य विचारावें.

माझा पुतण्या इंग्लंडांत असतो. तिकडे ही तपासणी १९६० पासून आहे. प्रथम ती दहा वर्षांवरील मोटारींस होती. १९६७ पासून तीन वर्षांवरील मोटारीस दर वर्षीं होते. मोटारीच्या क्रमांकावरून तिचे मागील सर्व निकाल कोणासही सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचतां येतात. कशामुळें नापास झाली, पास करतांना कोणत्या भागावर लक्ष ठेवावयास सांगितलें, मीटर किती होता, सारें तेथें असतें. पुतण्या म्हणतो, गाडी पाहावयास जाण्यापूर्वीं लोक हें वाचतात. "किंचित् गंज" असा शेरा तीन वर्षें ओळीनें आलेला दिसला तर पुढें काय येणार हें कळतें. आणि तेथील सरकार स्वतःच सांगतें कीं, या तपासणींत इंजिन, क्लच व गिअरबॉक्स यांची स्थिति पाहिली जात नाहीं. आपल्याकडे दाखल्याची मुदत केव्हां संपते तें संकेतस्थळावर दिसतें. निरीक्षकांनीं काय पाहिलें आणि काय पाहिलें नाहीं, तें दिसत नाहीं. माझी तक्रार आहे ती एवढीच. माणसास पाव तासांत जें दिसेल तेंच दिसणार. पण जें दिसलें तें लिहून ठेवून पुढील गिऱ्हाइकास वाचूं द्यावयास काय हरकत आहे?

गाडी आम्ही घेतली. मालक सज्जन होते; रंग त्यांच्या गड्यानें लावला होता, आणि त्यांनीं होऊन किंमत कमी केली. मिस्त्र्यानें ब्रेकच्या सर्व नळ्या नव्या बसविल्या, तेल बदललें, पत्र्यास तुकडा जोडला. त्यानंतरच कन्या घाटांत गेली. प्रतिवर्षीं पावसाळा सरला कीं तो गाडी खड्ड्यावर घेतो आणि काय आढळलें तें एका वहींत तारखेनिशीं लिहितो. कागदावर गाडीची मुदत २०२८ पर्यंत आहे. वहींतील शेवटच्या नोंदीखालीं त्यानें लिहिलें आहे : "उजवीकडील पत्रा पुन्हां धरला. २०२७ च्या पावसाळ्याआधीं काढावी."