सिम्युलेटरमधील उपकरणफलक व दृश्य

बीदर-कलबुर्गी परिसराच्या आकाशात दिसणारी ‘हॉक’ ही जेट प्रशिक्षण विमाने बीदरच्या हवाई दल तळावर २००८ साली दाखल झाली. तत्पूर्वी ‘किरण’वर शिकलेल्या तरुण वैमानिकास वेगवान ‘मिग-२१’ हाती घ्यावे लागे. मधली पायरीच नव्हती. अपघातांची चौकशी करणाऱ्या ला फाँटेन समितीने ती १९८२ मध्येच सुचविली होती. या शिक्षणाचा काही भाग जमिनीवरील सिम्युलेटरमध्ये होतो.

सिम्युलेटरमध्ये उपकरणफलक व दृश्य बदलता येते. घरगुती संगणकावर तर ही मुभा फारच मोठी. विमान मागूनही पाहता येते. ते दृश्य देखणे खरे, पण त्या जागी कोणताही वैमानिक बसत नाही! उतरताना चाके जमिनीपासून किती उंच आहेत, हे डोळा धावपट्टीच्या बदलत्या आकारावरून ताडतो. दृश्याची उंची चुकीची ठेवली, तर अंदाजही चुकीचा रुजतो. हॉकमध्ये शिक्षकाची मागील बैठक शिष्याच्या बैठकीहून उंच असल्यामुळे एकच धावपट्टी दोघांस निराळी दिसते. म्हणून प्रथम आसन व डोळ्याची उंची ठरवावी. फलक त्यानंतर, आणि धावपट्टी झाकणार नाही एवढाच मोठा.

मध्यभागी कृत्रिम क्षितिज, डावीकडे वेगमापक, उजवीकडे उंचीमापक हा क्रम मोडू नये. काट्यांऐवजी पडदे आले तरी तो बहुधा टिकून आहे. सरावासाठी एखादे उपकरण झाकायचेच, तर कृत्रिम क्षितिज झाकावे. मग विमानाचे नाक वर की खाली, हे वेग व उंची यांवरूनच ओळखावे लागते.